आधी सांगा, मग लिंक पाठवा

पहिली पाळी सुटायची वेळ झाली की आमच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या गेटासमोर बसगाड्यांची रांग लागते. एक निपाणीची, एक हुपरीची, एक कोल्हापूरची. कागलची ही पंचतारांकित एमआयडीसी. नाव ऐकून पाहुण्यांना वाटतं, इथे मोठमोठी हॉटेलं असतील. प्रत्यक्षात आहेत सूत, कापड, चादरी, ओतकाम, मशिनिंगचे कारखाने, आणि हॉटेल म्हणाल तर गेटाबाहेरची वडापावची गाडी! मी इथल्याच एका कापडाच्या कारखान्यात हिशेब खात्यात काम करते. शिलाईच्या लाइनवर बहुतेक बायकाच. डबा खायला आम्ही एकत्र बसतो, म्हणून आमचा व्हॉट्सॲपचा एक ग्रुपही आहे. त्याचं नावच 'डबा'.

या ग्रुपवर पूर्वी सुप्रभातची फुलं यायची, हळदीकुंकवाची बोलावणी यायची. गेल्या काही वर्षांत त्यांची जागा लिंकांनी घेतली. 'हा कुकर बघा, निम्म्या किमतीत.' 'ही कुर्ती मी घेतली, कापड एक नंबर.' 'आजच्या दिवस ऑफर, पटकन बुक करा गं.' वाटतं, किती काळजी आहे एकमेकींची! पण यातल्या बऱ्याच लिंकांच्या शेपटीला एक सांकेतिक क्रमांक चिकटलेला असतो. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली, की लिंक पाठवणारीला कमिशन मिळतं. यालाच 'ॲफिलिएट मार्केटिंग' म्हणतात. मीही त्यात पडले. आणि पडले म्हणजे चांगलीच पडले. आधी माझीच गोष्ट सांगते, मग कायद्याची.

२०२३ ची दिवाळी. बोनस झालेला. आमच्या लाइनवरच्या एक आक्का हुपरीहून येतात. त्यांचं नाव घेत नाही, आम्ही सगळ्या त्यांना 'हुपरीच्या आक्का' म्हणूनच हाक मारतो. कांदा-लसूण चटणी अशी करतात की बोटं चाटत राहावं. कारखान्यात पाव किलो, अर्धा किलो असे डबे विकून त्यांचा थोडा जोडधंदा चालायचा. दर वेळी कांडपावर जायचं, तिथं नंबर लावायचा, याला त्या कंटाळल्या होत्या. मला म्हणाल्या, "तुला फोनमधलं कळतंय. एखादा चांगला मिक्सर बघ की."

मी नुकतंच एका कंपनीकडे ॲफिलिएट म्हणून नाव नोंदवलं होतं. बघता बघता ३,२०० रुपयांचा मिक्सर दिसला. माझं कमिशन होतं ४ टक्के, म्हणजे १२८ रुपये. मी लिंक 'डबा' ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, 'मी वापरते, एकदम भारी!' मैत्रिणींनो, तो मिक्सर मी वापरला तर नव्हताच, पण हाताने उचलूनही पाहिला नव्हता. हे वाक्य मी दुसऱ्या कुणाचं तरी पाहून उचललं होतं. सगळेच असं लिहितात, मग आपण लिहिलं तर काय बिघडलं?

मिक्सर आला. पाचव्या दिवशी आक्का म्हणाल्या, "जळल्यागत वास येतोय गं त्याला." मी म्हटलं, "नव्या मोटारीला येतोच वास, चालेल." नव्या मिक्सरला सुरुवातीला थोडा वास येतो, हे खरंच आहे. पण त्या वेळी माझ्या डोक्यात ते १२८ रुपये होते का? खरं सांगते, होते. वस्तू परत गेली तर कमिशनही परत जातं, हे मी अटींमध्ये वाचलं होतं. अटींमधलं नेमकं तेवढंच वाचलं होतं! सात दिवसांत परत करायची मुदत होती, ती निघून गेली. तिसऱ्या आठवड्यात मोटार जळाली. दुरुस्ती केंद्रात नेल्यावर त्यांनी विचारलं, "ह्यात काय वाटता?" आक्कांनी सरळ सांगितलं, "चटणी. विकायची." मिक्सर घरगुती वापराचा होता, धंद्यासाठी वापरला तर वॉरंटी लागू नाही असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद त्यांनी वाचला नव्हता. मीही वाचला नव्हता. पण वाचायला हवा होता तो मी, कारण पैसे मला मिळणार होते.

आक्कांनी कागलमध्ये मोटार भरून घेतली. बोनसमधले आणखी पैसे गेले. मी १२८ रुपये त्यांच्या हातावर ठेवायला गेले, तेव्हा कुठे त्यांना कमिशनचं कळलं. मला वाटलं, आता भांडण होणार. त्या भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "पैसं मिळत्यात ते आधी सांगायचं की गं. मी तरीबी घेतलाच असता. पण मग तुला चार प्रश्न जास्त इचारलं असतं." पैसे घेतले नाहीत. "जातो मी, बस सुटंल," म्हणून निघून गेल्या. नंतर दोन महिने माझ्या डब्यात त्यांची चटणी पडली नाही.

'चार प्रश्न जास्त विचारले असते.' या एका वाक्यात जे आहे, तेच सरकारच्या नियमात आहे, हे मला पुढे नियम वाचताना कळलं. तोवर मला वाटायचं की असले नियम सिनेनटांसाठी आणि क्रिकेटवाल्यांसाठी असतात. आपण कागलच्या बाया, आपल्याला कोण विचारतं?

तर नियम काय म्हणतात, ते बघू. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. या प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशी रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानंतर २० जानेवारी २०२३ ला केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने समाजमाध्यमांवर वस्तूंची शिफारस करणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत एक पुस्तिकाच काढली. तिच्यातला मुख्य मुद्दा एकच आहे. ज्याचं ऐकून लोक खरेदी करतात, त्याचं त्या कंपनीशी काही देण्याघेण्याचं नातं असेल, तर ते लोकांना स्पष्ट सांगायला हवं. देणंघेणं म्हणजे फक्त रोख मानधन नव्हे. फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सहल, बक्षीस, इतकंच काय, कंपनीत नोकरी किंवा मालकाशी नातं असेल तर तेही त्यात येतं. मग लिंकवरचं कमिशन कसं सुटेल?

सांगायचं कसं, हेही ठरवून दिलं आहे. 'जाहिरात', 'प्रायोजित', 'पैसे घेऊन केलेली शिफारस' अशा सरळ शब्दांत सांगायचं. ते ठळक हवं, ढीगभर हॅशटॅगच्या गर्दीत लपवायचं नाही. फोटो असेल तर फोटोवरच दिसायला हवं. व्हिडिओ असेल तर बोलूनही सांगायचं आणि लिहूनही दाखवायचं. थेट प्रक्षेपण असेल तर ती ओळ सतत दिसत राहिली पाहिजे. आणि मला सर्वांत आवडलेली अट म्हणजे ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत हा खुलासा! मराठीत 'लई भारी मिक्सर' म्हणायचं आणि इंग्रजीत बारीक अक्षरात 'ॲड' लिहायचं, हे चालणार नाही. शिवाय, जी वस्तू आपण स्वतः वापरलेली नाही, तिची 'मी वापरते' म्हणून शिफारस करायची नाही. माझं ते चार शब्दांचं वाक्य तिथेच अडकलं.

मोडलं तर काय? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कंपनीला, आणि शिफारस करणाऱ्यालाही, पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिफारस करणाऱ्यावर आधी एक वर्षापर्यंत आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत शिफारशी करायला बंदी घालता येते. मात्र 'मी माझ्या परीने नीट चौकशी केली होती' हे दाखवता आलं, तर कायदा सूट देतो. आकडे ऐकून घाबरू नका. २०० जणींच्या ग्रुपसाठी कुणी उद्या दिल्लीहून कागलला येणार नाही. पण 'कोणी पकडणार नाही' हे काही नियम न पाळण्याचं कारण होत नाही. माझ्यापुरतं सांगते, दंड मला एका रुपयाचाही झाला नाही. फक्त दोन महिने चटणी मिळाली नाही. ती शिक्षा मला पुरली.

आता थोडं मागे जाऊ. बायकांनी ओळखीत वस्तू विकून कमिशन मिळवणं ही काय आजची गोष्ट आहे? पोस्टात आरडीचे पैसे भरायला दर महिन्याला दारात येणाऱ्या एजंट ताई आठवतात ना? केंद्र सरकारने १९७२ मध्ये महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू केली. त्यात एजंट म्हणून फक्त महिलाच. जमा केलेल्या रकमेवर ४ टक्के कमिशन, आणि ते सरकार देणार, खातेदाराच्या खिशातून जाणार नाही. एजंटकडे नेमणुकीचं पत्र असतं. पैसे घेतले की खातेदाराच्या कार्डावर नोंद करून सही करायची असते. या ताईंना कमिशन मिळतं हे गल्लीतल्या प्रत्येकीला माहीत असतं. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट, 'तुला तरी मिळू दे बाई चार पैसे' म्हणून आपण त्यांच्याकडेच खातं उघडतो. म्हणजे कमिशन ही लपवायची गोष्ट नाही. उघड असलं की ती मजुरी वाटते, लपवलं की दलाली.

मग काळ बदलला. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोसारख्या ॲपमुळे छोट्या गावांतल्या कितीतरी जणींनी साड्यांचे, ड्रेसचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकून विक्री केली. त्यात आपला नफा आपण किमतीत मिळवायचा. घेणारीलाही ठाऊक असायचं की ही विकतेय, म्हणजे हिला काहीतरी सुटत असणार. ॲफिलिएटचा प्रकार वेगळा. अमेरिकेत ॲमेझॉनने १९९६ मध्ये आपली अशी योजना सुरू केली. यात वस्तूची किंमत तीच राहते, माल कंपनी पाठवते, पैसे कंपनी घेते. आपण फक्त बोट दाखवायचं. त्यामुळे घेणारीला कळतच नाही की बोट दाखवणारीलाही काही मिळतंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबनेही भारतात फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्याबरोबर अशीच योजना आणली. म्हणजे रेसिपीच्या व्हिडिओत दिसणारी कढई, भांडी, मिक्सर सगळंच आता लिंकवर. हा प्रकार वाढत जाणार आहे. तेव्हा तो नीट समजून घेतलेला बरा.

नव्याने सुरुवात करणारीने काय पाहावं? मी ठेचकाळून शिकलेले काही मुद्दे सांगते.

पहिला मुद्दा, करार वाचा. मी पाहिलेले करार इंग्रजीत, लांबलचक आणि कंटाळवाणे. पण त्यातल्या दोन-चार अटी सगळीकडे साधारण सारख्या असतात. आपली लिंक कुठे टाकणार, ते आधी नोंदवावं लागतं. तिथेच टाकायची, दिसेल तिथे नाही. खासगी संदेशात किंवा ग्रुपवर पाठवायला परवानगी आहे की नाही, हे आधी तपासायचं. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी केली तर कमिशन मिळत नाही. इथे आपल्याकडच्या बायका हमखास फसतात. गल्लीत एकीलाच फोनवरून मागवता येतं, मग ती सगळ्यांच्या वस्तू आपल्याच खात्यावरून मागवते. तिला वाटतं, दहा जणींचं कमिशन जमलं. कंपनी म्हणते, ही तर तुझीच खरेदी! आणि असं वारंवार झालं तर खातंच बंद. ॲमेझॉनचंच उदाहरण घ्या. नवीन खातं उघडल्यापासून १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत, तर खातं बंद होतं. लिंकबरोबर आपण किंमत लिहून टाकायची नसते, कारण किंमत दिवसातून दोनदा बदलू शकते. आपण लिहायचं '९९९' आणि तिथे निघायचे १,२९९! दुसऱ्याच्या व्हिडिओतला तुकडा, दुसऱ्याने काढलेला फोटो उचलायचा नाही, हेही आलंच.

दुसरा मुद्दा, पैसे कुणाच्या नावावर? नोंदणी करताना पॅन आणि बँक खातं लागतं. पुष्कळ घरांत सरळ नवऱ्याचा पॅन आणि नवऱ्याचं खातं दिलं जातं. 'एकच तर घर आहे!' असेल. पण मग कमाई कागदावर त्याची होते. उद्या कर्ज काढायचं झालं, कुठे उत्पन्न दाखवायचं झालं, तर तुमच्या नावावर शून्य. तेव्हा पॅन स्वतःचा, खातं स्वतःचं. वर्षाला २०,००० रुपयांच्या वर कमिशन गेलं की त्यातून टीडीएस कापला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ५ वरून २ टक्क्यांवर आला. पॅन दिला नसेल तर बरीच जास्त कपात होते. कापले म्हणजे गेले असं नाही. आपलं एकूण उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ते परत मागता येतात. मी हिशेब खात्यात आहे, म्हणून हे ठासून सांगते, एक वही करा. तारीख, वस्तू, मिळालेलं कमिशन, कापलेला कर. दुधाच्या हिशेबाची वही आपण ठेवतोच की, तशीच ही.

तिसरा मुद्दा, काही वस्तूंच्या लिंकांना हातच लावायचा नाही. 'साखर कायमची घालवा', 'महिन्यात दहा किलो वजन उतरवा', 'मुलांची उंची वाढवा' असल्या पावडरी आणि चूर्णांवर कमिशन भरघोस असतं. का असतं, याचा विचार करा! औषधे आणि जादुई उपाय कायदा १९५४ चा आहे, आजचा नव्हे. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, उंची, कर्करोग अशा कितीतरी तक्रारी बऱ्या करण्याचा दावा करणारी जाहिरात त्या कायद्याने गुन्हा आहे. एखादीने तुमची लिंक पाहून मधुमेहाची गोळी सोडली तर? मिक्सरची मोटार भरून आणता येते, माणसाचं मूत्रपिंड नाही.

तसेच पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. 'मित्राला बोलवा, बोनस मिळवा' असल्या लिंका आपल्याकडच्या पोरांनी गावभर फिरवल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातीवर बंदी आणणारा कायदा केला. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. आपला मुलगा, भाचा असली लिंक पाठवत असेल, तर त्याला हे वाचून दाखवा.

चौथा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. वस्तूवरचं कमिशन आणि माणसावरचं कमिशन यांतला फरक ओळखा. सरळ ॲफिलिएट व्यवहारात नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. कुणी वस्तू विकत घेतली, तरच आपल्याला मिळतं. पण जिथे 'आधी इतके भरा, मग तुम्ही चार जणी आणा, त्या आणखी चार आणतील' असं सुरू होतं, तिथून पाय काढता घ्यायचा. २०११ मधलं 'स्पीक एशिया' आठवतं का? ११,००० रुपये भरा आणि घरबसल्या ऑनलाइन सर्वेक्षणं भरून कमवा, शिवाय माणसं जोडली तर वेगळं. लाखो लोक त्यात अडकले. आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला 'टोरेस'च्या दुकानासमोर जमलेली गर्दी तर आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिली. खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा आणि नवं गिऱ्हाईक आणलं की जादा पैसे! त्या गर्दीत भाजीवाले होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या. त्यातल्या कितीतरी जणांनी आपल्याच बहिणीला, जावेला, शेजारणीला त्यात आणलं होतं. बुडवणारे वर बसले होते. पण शेजारीण दार ठोठावणार ते आपलंच.

माणसं जोडण्याच्या साखळीवर पैसे फिरवणाऱ्या योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम आले, त्यांतही अशा साखळी योजनांना मनाई आहे आणि विक्रेत्याकडून नोंदणीसाठी पैसे घ्यायलाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे की काम देणारा आपल्याकडे पैसे मागत नसतो. फोनवर 'लाइक करा, ५० रुपये मिळवा' म्हणून सुरुवात होते आणि मग 'मोठ्या कामासाठी' ठेव मागतात, तोही याचाच भाऊ. फसलात तर लाजून गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त. वस्तूबद्दलची तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

आणि एक आपल्या कोल्हापूरकरांसाठी. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण किती चिडलो! चिडायलाच हवं होतं. त्यांना मग भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य करावं लागलं. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे, एवढ्याच भागात बनलेली ती कोल्हापुरी. पण त्याच महिन्यात आमच्या 'डबा' ग्रुपवर '२९९ रुपयांत ओरिजिनल कोल्हापुरी' अशी लिंक फिरत होती. फोटोत रेक्झिन स्पष्ट दिसत होतं. प्राडाने नाव घेतलं नाही म्हणून आपण रागावायचं आणि आपण चार रुपयांसाठी ते नाव रेक्झिनला लावायचं, हे कसं काय? ज्या कारागिराचं पोट त्या नावावर आहे, तो आपल्याच जिल्ह्यातला आहे ना?

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. नियम मोडते ती बाई दोषी, हे खरं. पण नियम तिच्यापर्यंत पोचवायचे कुणी? सरकार म्हणतं, खुलासा ग्राहकाच्या भाषेत करा. मग करार ॲफिलिएटच्या भाषेत का नको? कंपनीच्या जाहिराती अस्खलित मराठीत, अगदी 'ताई' म्हणून हाक मारत येतात. आणि सही करायची वेळ आली की इंग्रजी! दुसरं असं की, कमिशनचा दर कंपनी कधीही बदलते, खातं बंद करते, आणि दाद मागायची तर साचेबंद उत्तर येतं. कायद्याने दंडाची भीती शिफारस करणारीलाही घातली आहे. मात्र जिची कमाई महिन्याला दोनशे रुपये आणि जिची दोन कोटी, त्या दोघींना एकच पुस्तिका. मोठ्या मंडळींकडे वकील असतो, आमच्याकडे हिशेबाची वही. तेव्हा कंपन्यांनी नोंदणी करतानाच मराठीत चार ओळींचा खुलासा तयार करून द्यावा, तो लिंकबरोबर आपोआप जावा, एवढं करायला काय हरकत आहे? फोनवर कढईची जाहिरात आपोआप येते, तर हेही येऊ शकतं की!

पण ते होईल तेव्हा होईल. आपल्या हातात आहे तेवढं आपण करू या. आता मी लिंक टाकायच्या आधी कंपनीची परवानगी कुठे आहे ते पाहते. आणि वर मराठीत लिहिते, 'ही जाहिरात आहे. इथून घेतलंत तर मला कमिशन मिळेल. मी ही वस्तू सहा महिने वापरली आहे.' वापरली नसेल तर 'वापरलेली नाही, फक्त माहिती देते' असं लिहिते. चांगल्या गोष्टींबरोबर खोटही लिहिते, कुकरची शिट्टी हलकी आहे, कापडाचा रंग पहिल्या धुण्यात जातो, वगैरे. परत करायची मुदत किती दिवस आणि वॉरंटी कशाला लागू नाही, हे आधी वाचते. पहिल्या महिन्यात मला मिळाले ९४ रुपये. हसू नका! ते ९४ रुपये मी कुणाकडे पाहून मान खाली घालावी असे नव्हते.

आणि हुपरीच्या आक्का? दिवाळीनंतर दोन महिन्यांनी, संक्रांतीच्या सुमारास, एक दिवस त्यांनी आपणहून चटणीची डबी माझ्यापुढे सरकवली. मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाल्या, "खा. भाकरी कोरडी दिसतीय." मागच्या वर्षी त्यांनी धंद्याच्या वापरासाठीचं मोठं यंत्र घेतलं. घेताना माझ्याकडे आल्या, लिंक मागितली, आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, "ह्यात तुझं किती?"

मी आकडा सांगितला. मग त्यांनी चार नव्हे, चांगले चौदा प्रश्न विचारले. मोटार किती वॅटची, वॉरंटी कशाला, दुरुस्ती कागलात की कोल्हापुरात, परत करायचं झालं तर कुणी न्यायचं. दोन प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. ती शोधून दिल्याशिवाय त्यांनी बटण दाबू दिलं नाही.

आता हे आमच्या ग्रुपवरचं ठरलेलं वाक्य झालंय. कुणीही लिंक टाकली की खालून कुणीतरी लिहितंच, 'ह्यात तुझं किती?' आणि टाकणारी हसत हसत सांगते. मैत्रिणींनो, तुमच्या ग्रुपवरही हा प्रश्न एकदा विचारून बघा. जी सरळ सांगेल तिच्याकडून खुशाल घ्या. जी चिडेल, तिला आणखी चार प्रश्न विचारा.